उर्बिनोची बंदूक, अमेरिकेचे भाग : बेनेली एम४ प्रकल्प नोंदी

१० फेब्रुवारी २०२४

बंदूक टेक्ससमधल्या घरी आली. बेनेली एम४, छर्रे उडवणारी सेमी-ऑटोमॅटिक शॉटगन (बार उडाला की पुढचं काडतूस आपोआप चढतं), १२ बोअर, साडेअठरा इंची बॅरल, वजन साडेतीन किलोच्या आसपास. बेनेली म्हटलं की आपल्याकडे मोटारसायकल आठवते, आणि ते बरोबरच आहे. पेसारोच्या त्याच बेनेली कुटुंबाने १९६७ मध्ये जवळच्या उर्बिनोत बंदुकांचा कारखाना काढला. आता तो बेरेटाच्या छत्राखाली आहे. एम४ अमेरिकन मरीन्सनी १९९९ पासून घेतली, त्यांच्याकडे तिचं नाव एम१०१४.

दुकानात फॉर्म ४४७३ भरला, बंदूक विकत घेताना भरायचा केंद्र सरकारचा फॉर्म. ग्रीनकार्डवाल्याला त्यात आपला एलियन नंबर लिहावा लागतो, बाकी प्रश्न सगळ्यांना तेच. पार्श्वभूमी तपासणी काही मिनिटांत 'प्रोसीड' म्हणून परत आली. सोबत आलेला ऑफिसातला मित्र एच-१बीवर आहे. त्याला आधीच बजावलं होतं की काउंटरवरची बंदूक नुसती बघायची, हात लावायचा नाही. नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्याला बंदूक बाळगायला केंद्रीय कायद्याने मनाई आहे, आणि नेमबाजीच्या रेंजवर मित्राची बंदूक घटकाभर हातात घेणं हेही बाळगण्यातच धरतात. अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचा शिकारीचा वैध परवाना काढला तर ही मनाई उठते. आपल्यापैकी कितीतरी जण कंपनीच्या 'टीम आउटिंग'ला रेंजवर जाऊन फोटो टाकतात, त्यांनी हे एकदा वाचून ठेवावं.

काम एका ओळीचं आहे : मॅगझीनमध्ये, म्हणजे बॅरलखालच्या काडतुसांच्या नळीत, पाचऐवजी सात काडतुसं बसवायची. मल्टिगन स्पर्धेत (एकाच फेरीत रायफल, पिस्तूल, शॉटगन अशा वेगवेगळ्या बंदुका चालवायच्या) धावत काडतुसं भरताना ती दोन फार मोलाची असतात. नवी मॅगझीन ट्यूब लावली की झालं, असं कुणालाही वाटेल. बंदुकीपुरतं ते खरंही आहे. कायद्यापुरतं नाही.

११ फेब्रुवारी

कायदा वाचून काढला. लिहून ठेवतो, म्हणजे पुन्हा शोधायला नको.

१९६८ च्या गन कंट्रोल अॅक्टप्रमाणे परदेशी बंदूक आयात करायची तर ती 'खेळाच्या उपयोगाची' असावी लागते. १९८९ मध्ये सरकारने ही अट पुढे करून कित्येक सेमी-ऑटोमॅटिक रायफलींची आयात थांबवली. लोकांनी पळवाट शोधली : बंदूक साध्या रूपात आणायची आणि इथे सुटे भाग जोडून तिला बंदी असलेलं रूप द्यायचं. ती बुजवायला १९९० मध्ये कलम ९२२(आर) आलं. आयात होऊ शकत नाही अशी सेमी-ऑटो रायफल किंवा शॉटगन आयात भागांतून जुळवायची नाही. 'आयात भागांतून' म्हणजे किती, तर नियमावलीत वीस भागांची यादी दिली आहे आणि त्यांतले दहापेक्षा जास्त आयात नसावेत.

शॉटगनमध्ये खेळाचं काय आणि लढाईचं काय, हे एटीएफने, म्हणजे बंदुकांवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकेच्या केंद्रीय खात्याने, जानेवारी २०११ च्या अभ्यासात मांडलं. पाचपेक्षा जास्त काडतुसांचं मॅगझीन त्या यादीत आहे. घडीचा किंवा आत-बाहेर सरकणारा दस्ता आहे, पुढची पिस्तुलासारखी मूठ आहे. म्हणून माझी एम४ पाचवरच अडवलेली येते. सरकारसाठी होणाऱ्या आयातीला ही अट नाही, त्यामुळे मरीन्सना त्याच उर्बिनोहून सात काडतुसांची, सरकत्या दस्त्याची बंदूक मिळते.

थोडक्यात, सात काडतुसं भरायला बंदी नाही. इटालियन भागांच्या बंदुकीत सात काडतुसं भरायला बंदी आहे. पुरेसे भाग अमेरिकन झाले की तीच बंदूक, तेच छर्रे, तोच खांद्याला बसणारा धक्का, सगळं कायदेशीर. मला हे तर्काला धरून वाटत नाही. पण जाणूनबुजून मोडलं तर पाच वर्षांपर्यंत कैद आहे, आणि ग्रीनकार्डवाल्याला बंदुकीच्या गुन्ह्यातली शिक्षा म्हणजे देशाबाहेर काढायला आयतं कारण. तेव्हा तर्क बाजूला, आकडेमोड सुरू.

१७ फेब्रुवारी

मोजणी. वीसच्या यादीतले सगळे भाग प्रत्येक बंदुकीत असतातच असं नाही. एम४ मध्ये ऑपरेटिंग रॉड नाही, वेगळा ट्रनियन नाही, मॅगझीनची सुटी तळपट्टी नाही. जे आहेत ते असे : रिसीव्हर (बंदुकीचा मुख्य सांगाडा), बॅरल, बॅरल एक्स्टेन्शन, बोल्ट (काडतूस मागून बंद करणारा ठोकळा), बोल्ट कॅरियर (बोल्टला मागेपुढे नेणारा), गॅस पिस्टन, ट्रिगर हाउसिंग, ट्रिगर, हॅमर, डिस्कनेक्टर, दस्ता, पिस्तूल ग्रिप, फोरआर्म (पुढच्या हाताने धरायचा भाग), मॅगझीनची बॉडी म्हणजे ट्यूब, फॉलोअर (ट्यूबमध्ये काडतुसं मागे ढकलणारी टोपी). पंधरा.

पिस्टन दोन आहेत, पण यादीतला प्रकार एकच, म्हणून एकच धरला.

आता वादाच्या जागा. दस्ता आणि ग्रिप एकसंध असेल तर एक धरायचा की दोन? ट्रिगरलाच सिअरचं (हॅमरला अडवून धरणाऱ्या भागाचं) तोंड असेल तर सिअर वेगळा मोजायचा का? बॅरलच्या तोंडात आतून बसणारा, छर्‍यांचा फैलाव ठरवणारा चोक यादीतली 'मझल अटॅचमेंट' (बॅरलच्या तोंडाला जोडायचा भाग) होतो का? दहा लोकांना विचारा, अकरा उत्तरं येतील. माझा निर्णय असा की वाद घालायचाच नाही. प्रत्येक शंका माझ्या विरुद्ध गेली असं धरून जो आकडा येईल तोही दहाच्या आत बसला पाहिजे.

काढायचे : ट्यूब, फॉलोअर, फोरआर्म, पिस्टन, ग्रिपसकट दस्ता. दस्ता-ग्रिप वेगळे मोजले तर पंधरातून सहा गेले, उरले नऊ. एकच मोजला तर मुळात चौदा, त्यांतून पाच गेले, तरी नऊ. सिअर वेगळा धरला तर दहा. चोकही धरला तर अकरा, आणि तिथे गाडी अडते. यावर उपाय सोपा आहे. चोक हाताने फिरवून निघतो, अमेरिकन बनावटीचा सहज मिळतो. तोही बदलायचा. म्हणजे कसंही मोजा, दहाच्या वर जात नाही.

ट्रिगरच्या भागांना हात लावायचा नाही हेही ठरवलं. अमेरिकन हॅमर, अमेरिकन डिस्कनेक्टर विकत मिळतात आणि पुष्कळ जण तेच बसवून आकडा खाली आणतात. पण त्या डब्यात कारखान्याची जुळणी आहे, ती हजारोंच्या हाताखालून गेलेली आहे. आकड्यासाठी ती कशाला उसवायची?

२ मार्च

भाग मागवले. विकणाऱ्याच्या पानावर '९२२(आर) अनुरूप' लिहिलेलं पुरत नाही. भाग अमेरिकेत बनलाय का, हे प्रत्येकाला ईमेलने विचारलं आणि उत्तरं छापून ठेवली. एकाने उत्तरच दिलं नाही. त्याचा फोरआर्म स्वस्त होता, पण दुसरीकडून घेतला.

१६ मार्च

दस्ता बदलला. आधी बंदूक रिकामी आहे ना ते डोळ्यांनी पाहिलं आणि चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस उडतं त्या जागी, बोट घालूनही पाहिलं. एम४ चा दस्ता मागच्या रिकॉइल ट्यूबवर चढतो, आणि बोल्टला पुढे परत ढकलणारी स्प्रिंग त्या ट्यूबमध्येच असते. ती ट्यूब मूळचीच ठेवली, वीसच्या यादीत ती नाही.

नवा दस्ता ठेंगणा आहे, ट्रिगरपासून मागच्या पॅडपर्यंत इंचभर तरी कमी. इटालियन दस्ता सहा फुटी शिपायासाठी बेतलेला असावा. माझ्यासारख्याला त्यात गाल पुढे आणि कोपर ताठ करून उभं राहावं लागायचं. आता बंदूक खांद्याला लावली की डोळा आपोआप मागच्या साइटच्या रेषेत येतो. सक्तीने घ्यावा लागलेला भाग मुळापेक्षा बरा निघाला, हे एकच.

लांबी मोजून लिहून ठेवली. शॉटगनची एकूण लांबी २६ इंचांच्या खाली किंवा बॅरल १८ च्या खाली गेली तर दुसराच कायदा लागू होतो. आपण त्याच्या आसपासही नाही.

शिल्लक आयात भाग, कडक हिशेबाने : १५.

(पंधरा, सिअर आणि चोक धरून सतरा. त्यातून दस्ता आणि ग्रिप वजा.)

२३ मार्च

फोरआर्म, पिस्टन, चोक. तासाभराचं काम.

पिस्टन मात्र हातात घेऊन बराच वेळ बघत बसलो. एम४ चं गॅस चालवण्याचं तंत्र बेनेलीच्या इतर शॉटगनपेक्षा वेगळं आहे. बाकीच्या धक्क्याच्या जडत्वावर चालतात. हिच्यात बॅरलच्या खाली, चेंबरच्या जरा पुढे, दोन आखूड पिस्टन शेजारी शेजारी बसतात. काडतूस उडालं की गॅस त्यांना मागे हाणतो आणि ते थेट बोल्ट कॅरियरवर आदळतात. मध्ये दांडा नाही, लिंक नाही. करंगळीएवढे स्टीलचे दोन तुकडे, आणि त्यांच्या जिवावर एवढं धूड हलतं. जुन्यांच्या तोंडावर काजळीचा पातळ थर होता, अंगठ्याने पुसला तर निघाला. अमेरिकन पिस्टनची फिनिश किंचित खरखरीत आहे, पण आपल्या जागी मोकळे सरकतात, बॅरल उभं धरलं तर स्वतःच्या वजनाने खाली येतात.

शिल्लक : १२. अजून दहाच्या वर, पण ट्यूब अजून पाचचीच आहे, म्हणजे बंदूक अजून आयातीच्या नियमात बसणारीच आहे. कामाचा क्रम यासाठीच असा लावला. सातची ट्यूब सगळ्यांत शेवटी, आणि फॉलोअर तिच्यासोबत त्याच बैठकीत. उलट केलं असतं, म्हणजे उत्साहाच्या भरात ट्यूब आधी आणि 'बाकीचं पुढच्या शनिवारी', तर मधला आठवडा घरात बेकायदा जुळवलेली बंदूक असती.

३० मार्च

रेंज. नव्या पिस्टननी चालते का ते बघायचं होतं. सव्वा औंस छर्‍यांच्या आणि बकशॉटच्या (मोठ्या छर्‍यांच्या) काडतुसांवर विनातक्रार. एक पूर्णांक एक अष्टमांश औंसाच्या टार्गेट लोडवरही चालली. पाऊण औंसाच्या जवळपासच्या हलक्या काडतुसांवर रिकामं टरफल बाहेर पडताना अडकलं. ही बंदूक हलक्यासाठी बनवलेलीच नाही, जुन्या पिस्टनवरही तेच झालं असतं. हलकी काडतुसं या बंदुकीसाठी बाद.

खांदा दुखतोय. बायकोने काही न बोलता बाम आणून ठेवला.

१३ एप्रिल

ट्यूब.

कारखान्यात मॅगझीन ट्यूब रिसीव्हरमध्ये आट्यांवर बसवतात आणि आट्यांना पक्का लाल थ्रेडलॉकर (आटे चिकटवून ठेवणारा गोंद) लावतात. नुसत्या जोराने ती निघत नाही. रिसीव्हर अॅल्युमिनियमचा आहे, आटे गेले की बंदूक गेली. त्यामुळे हे एक काम गनस्मिथकडे, म्हणजे बंदुकांच्या कारागिराकडे नेलं. त्याच्याकडे बंदूक रात्रभर ठेवली तर त्याला ती आपल्या वहीत जमा म्हणून चढवावी लागते. मालक समोर बसून त्याच दिवशी परत नेणार असेल तर नाही. म्हणून सकाळीच गेलो आणि स्टूल ओढून बसलो.

म्हातारा माणूस, चष्मा कपाळावर. सातची ट्यूब बघितल्यावर त्याने पहिलं काय केलं तर हत्यार खाली ठेवून म्हणाला, "तुमची मोजणी दाखवा." मी फाइल पुढे केली. त्याने बोटांवर स्वतःची वेगळी मोजणी केली, चोक पाहून हसला, आणि मग कामाला लागला.

बोल्ट, ट्रिगरचा डबा, बॅरल, सगळं उतरवून ठेवलं. रिसीव्हर मऊ जबड्यांत धरला. हीट गनचा झोत ट्यूबच्या बुडाशी, सतत फिरता, एका जागी थांबायचा नाही. हा लाल थ्रेडलॉकर सैल पडायला अडीचशे अंश सेल्सियसच्या वर तापमान लागतं. थोड्या वेळाने जळक्या प्लॅस्टिकचा वास सुटला. त्याने पट्ट्याचा पाना ट्यूबभोवती गुंडाळला आणि अंगाचा भार हळूहळू टाकत गेला. काही नाही. पुन्हा झोत. तिसऱ्या खेपेला 'कट्' असा लहानसा आवाज आला, आणि मग ट्यूब चक्क हाताने फिरली. आट्यांत लाल भुकटी भरली होती. ती पितळी ब्रशने साफ करायला ट्यूब काढण्यापेक्षा जास्त वेळ गेला. त्याने एक एक आटा नखाने तपासला.

नवी ट्यूब, लांब स्प्रिंग, अमेरिकन फॉलोअर, सगळं तिथेच बसवलं. फॉलोअर भडक नारिंगी आहे, रिकामं मॅगझीन लांबून कळतं. डमी काडतुसं सात आत गेली, सात बाहेर आली.

शिल्लक : १०. सगळ्यांत कडक मोजणीने. नेहमीच्या मोजणीने नऊ.

मजुरी दिली. काढलेली इटालियन ट्यूब त्याने वर्तमानपत्रात गुंडाळून दिली.

१४ एप्रिल

फाइल पूर्ण केली : पंधरा भागांचा तक्ता, सिअर-चोकची टीप, प्रत्येक पावती, 'अमेरिकेत बनलेला' असं सांगणारे ईमेल, गनस्मिथचं बिल, बसवल्याच्या तारखा. काढलेले इटालियन भाग एका खोक्यात, खोक्यावर चिठ्ठी. बंदूक कधी विकली तर फाइल आणि खोकं तिच्यासोबत जाईल. कायदा 'जुळवण्या'बद्दल आहे, नुसत्या बाळगण्याबद्दल नाही. पण घेणाऱ्याने उद्या जुना फोरआर्म परत चढवला तर त्याला निदान आकडा कुठे आहे ते कळावं.

२७ एप्रिल

न्यू जर्सीतल्या एडिसन गावचा मावसभाऊ फोनवर. त्यालाही अशीच करायची आहे. म्हटलं, न्यू जर्सीत स्वप्नातही नको. तिथल्या कायद्यात सेमी-ऑटो शॉटगनला सहापेक्षा जास्त काडतुसांचं मॅगझीन किंवा पिस्तूल ग्रिप असली की ती 'असॉल्ट फायरआर्म' ठरते. भाग कुठे बनलेत याचा त्या कायद्याला काही पत्ता नाही. केंद्राचं गणित सुटलं म्हणजे राज्याचं सुटलं असं नाही. टेक्ससमध्ये राज्याची आडकाठी नाही, म्हणून माझं काम एवढ्यावर भागलं.

"मग टेक्ससला येऊ का राहायला?" म्हणाला. ये म्हटलं. उन्हाळा बघून परत जाशील.

१५ जून

सासरे आलेत, सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर. गाव सिंधुदुर्गात. त्यांच्याकडे शेतीसंरक्षणाचा परवाना आणि ठासणीची बंदूक आहे. काजूच्या बागेत डुकरं आणि माकडं हाकायला आयुष्यभर खांद्यावर वागवली. दर निवडणुकीच्या आधी पोलीस ठाण्यात जमा करायची, निकाल लागला की परत आणायची.

तिजोरी उघडी दिसल्यावर शेजारी येऊन उभे राहिले. "जावयबापू, जरा हातात द्या बघू."

नाही म्हणायला जड गेलं, पण व्हिसा बी-२. समजावून सांगितलं. ते शांतपणे ऐकून घेत म्हणाले, "म्हणजे या घरात बंदूक कशी धरायची हे ज्याला सगळ्यांत आधी कळलं, त्यालाच मनाई." मग फाइल मागून घेतली आणि तक्ता पूर्ण वाचला. त्यांचा प्रश्न एकच : "आणि डुक्कर मारायला किती कागद लागतात?" सांगितलं, इथे रानडुक्कर उपद्रवी धरतात, खाजगी जमिनीवर मालकाची परवानगी असेल तर २०१९ पासून शिकारीचा परवानाही लागत नाही. यावर त्यांचा विश्वास बसला नाही.

१७ ऑगस्ट

नव्या हंगामाचे परवाने १५ ऑगस्टपासून सुटले. सासऱ्यांसाठी टेक्ससबाहेरच्यांचा अल्पमुदतीचा शिकार परवाना आणि डव्हसाठी (होल्यांसाठी) लागणारं स्थलांतरित पक्ष्यांचं जोडपत्र घेतलं. २ सप्टेंबर १९७१ च्या आधी जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशनच्या अभ्यासक्रमाची अट नाही. त्यांना नाही, मला होती. परवाना वैध असेपर्यंत व्हिसाची मनाई आड येत नाही. कागद लॅमिनेट करून हवा, असं त्यांचं म्हणणं.

३१ ऑगस्ट

उद्या डव्हचा हंगाम सुरू. स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीत केंद्राचा नियम असा की शॉटगनमध्ये चेंबर धरून तीनपेक्षा जास्त काडतुसं मावता कामा नयेत, आणि ती अडवणारा प्लग एकसंध हवा, बंदूक न उघडता निघू नये असा. एवढा खटाटोप करून बसवलेल्या सातच्या ट्यूबमध्ये आज लाकडाची दांडी घातली. गोल दांडी दुकानातून आणली, टोकं घासून गोल केली, स्प्रिंगच्या आत सरकवली. लांबी दोनदा कापावी लागली. आता मॅगझीनमध्ये दोन, चेंबरमध्ये एक.

१ सप्टेंबर

मित्राच्या ओळखीच्या शेतावर, डॅलसच्या उत्तरेला. सूर्यफुलाच्या कापणीनंतरचं रान. बाकी मंडळी हलक्या, लांब बॅरलच्या बंदुका घेऊन आलेली, आमची काळी फौजी एम४ बघून खुसपुसली. साडेतीन किलो घेऊन आकाशात फिरवणं हे डव्हसाठी खरोखरच वेडेपणाचं आहे, आणि सासऱ्यांना उडत्या पक्ष्यावर बार टाकायची सवय नाही. पहिल्या तासात त्यांनी फक्त हवा मारली. मग स्विंगचं, म्हणजे पक्ष्यासोबत बंदूक फिरवत बार टाकायचं तंत्र जमलं आणि दोन पडले.

दहाच्या सुमारास गेम वॉर्डन, म्हणजे शिकारीचे नियम तपासणारा अधिकारी आला. परवाने पाहिले, बंदूक मागितली, काडतुसं काढून स्वतःची भरून बघितली. दोन गेली, तिसरं अडलं. "प्लग आहे, ठीक," म्हणून परत दिली. ट्यूबच्या लांबीकडे त्याचं लक्ष गेलं होतं. मी फाइल गाडीत आणली होती, पण त्याने काही विचारलं नाही.

सासऱ्यांनी मात्र त्याला थांबवून लॅमिनेट केलेला परवाना पुन्हा एकदा दाखवला.

पुढचं काम : ऑक्टोबरच्या मल्टिगनआधी प्लग काढणे, ट्यूब आतून पुसणे (लाकडाचा भुसा निघणार), फॉलोअरची धार तपासणे.